टर्बोनंतरचा पाइप

आर्वीहून विरूळला येऊन गाडी समृद्धी महामार्गावर चढली, की तिचा सायलेन्सर खरा कसा आहे ते कळायला लागतं. गावात ते कळत नाही. बाजारातून, शाळेसमोरून, बैलगाडीच्या मागून जाताना वेग सारखा बदलतो, गिअर बदलतात आणि कुठलाच सूर दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. समृद्धीवर सरळ काँक्रीट, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, वरचा गिअर आणि नागपूरपर्यंत इंजिनाचे जवळपास तेच फेरे. गॅरेजसमोर भारदस्त वाटलेला बाहेरचा सायलेन्सर इथे घुमू लागतो. तो घुमारा फार मोठा नसतो, पण थांबत नाही. बोलताना आवाज चढवावा लागतो, मागच्या सीटवरचं मूल चिडचिड करतं, गाणं लावलं तर त्यातला खर्ज ऐकूच येत नाही.

गाडी टर्बोची असेल तर हा त्रास आणखीच अनाठायी ठरतो. टर्बो गाडी शांत ठेवणं हे साध्या इंजिनाची गाडी शांत ठेवण्यापेक्षा सोपं आहे, आणि त्यासाठी ताकदीतलं काही गमवावंही लागत नाही. तरीही आपल्याकडे सायलेन्सर बदलायचा म्हणजे आवाज वाढवायचा, असंच समजतात. मोठा आवाज म्हणजे मोकळा पाइप आणि मोकळा पाइप म्हणजे जास्त पिकअप, हा हिशोब बुलेटची पुंगळी काढणाऱ्यांकडून मोटारवाल्यांकडे आला. टर्बोच्या बाबतीत तो पार उलटा आहे. का, ते समजून घ्यायला आधी आगगाडीच्या धुराड्यापासून सुरुवात करावी लागेल.

पुलगाव ते आर्वी ही नॅरोगेज लाइन १९१७ साली सुरू झाली. पस्तीस किलोमीटरचा हा फाटा सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने या भागातला कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनवर आणण्यासाठी घातला. आता त्यावर गाडी धावत नाही. पण वाफेच्या इंजिनाचा तो ठेक्यातला भकभक आवाज नेमका कशाचा असे, हे आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ सरळ बाहेर सोडून देत नसत. एका अरुंद तोंडातून ती धुराड्यात वर फेकत, आणि तिच्या झोतामुळे भट्टीतून हवा ओढली जाई, आग धगधगत राही. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार झोत पडत. म्हणजे आर्वीकरांनी कित्येक वर्षं जो आवाज ऐकला तो नुसता गोंगाट नव्हता. टाकाऊ वाफ त्या क्षणी इंजिनासाठी श्वास ओढत होती.

टर्बोचार्जरमागे हीच दृष्टी आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. ती वाया न घालवता त्यावर एक टर्बाइन फिरवावं, आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबावी. कल्पना कागदावर सोपी होती. तो ताप आणि तो वेग सोसणारं धातूकाम यायला वेळ लागला. कारखान्यातून टर्बो घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या मोटारी अमेरिकेत १९६२ साली आल्या. आपल्या भागात टर्बो रुळला तो डिझेलच्या गाड्यांबरोबर. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून टर्बो डिझेल घेऊनच आली. पेट्रोल टर्बो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला: फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय, टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, स्कोडा कुशाक, मारुती फ्रॉन्क्स. आज तालुक्याच्या गावातही टर्बो ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

आता आवाजाकडे येऊ. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो एका झटक्यात पाइपमध्ये सुटतो. सायलेन्सरशिवाय ऐकू येणारा फट्ट आवाज तो हाच धक्का. साध्या इंजिनात हा धक्का जसाच्या तसा पाइपमधून मागे धावतो, आणि त्याला निवळवण्याचं सगळं काम सायलेन्सरला करावं लागतं. टर्बोच्या इंजिनात वाटेत टर्बाइन येतं. वायू आधी शंखासारख्या वेटोळ्यात शिरतो, अरुंद होत जातो, मग मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या पात्यांमधून वाट काढतो. या प्रवासात धक्क्यातली ऊर्जा पात्यांना मिळते, काही लाटा मागे परततात, वायूचं तापमान उतरतं. पलीकडे पोहोचेपर्यंत धक्क्याची धार बोथट झालेली असते. टर्बो स्वतःच पहिला सायलेन्सर असतो.

त्यानंतर येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये कॅटकॉन किंवा नुसतं जाळी म्हणतात. शेकडो बारीक नळ्यांची ती चाळण धूर स्वच्छ करता करता वरच्या पट्टीतला आवाजही खाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टरही असतो, आणि तो तर आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ पूर्ण डबाच आहे. जाळी काढून टाकली की गाडी मोकळी होते असं सांगणारे मिस्त्री सापडतात. ती काढणं बेकायदा आहे, धुरातलं विष सरळ हवेत जातं, आणि आवाज अशा पट्टीत वाढतो की नंतर दोन डबे लावूनही तो आवरत नाही. हे काम करायला सांगू नये आणि कोणी सुचवलं तर करू देऊ नये.

टर्बाइनच्या पलीकडचा पाइप शक्य तितका मोकळा असावा, हे मात्र खरं आहे. टर्बाइन चालतं ते पुढच्या आणि मागच्या दाबाच्या गुणोत्तरावर. समजा टर्बाइनच्या आधी २.२ बार दाब आहे आणि नंतर १.२ बार, गुणोत्तर १.८३ येतं. नंतरचा दाब १.१ वर आणला तर तेच गुणोत्तर २ होतं. पात्यांना जास्त जोर मिळतो, टर्बो लवकर पकडतो, लॅग कमी जाणवतो. म्हणून टर्बोवाल्यांनी मोकळा पाइप मागणं चूक नाही. चूक होते ती मोकळा म्हणजे रिकामा असं समजण्यात.

एक लिटरच्या, १२० अश्वशक्तीच्या पेट्रोल टर्बो इंजिनाचा हिशोब करून पाहू. पूर्ण ताकदीला ते सेकंदाला साधारण ९० ग्रॅम वायू मागे ढकलतं. मागच्या भागात त्याचं तापमान ४०० अंश सेल्सिअस धरलं तर दोन इंची पाइपमधून तो सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास वेगाने जाईल. सव्वादोन इंचीत हा वेग ७५ वर येतो, अडीच इंचीत ६० वर. पाइपमधलं घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतं; त्यामुळे दोनवरून सव्वादोन इंचांवर गेलं तरी दाबाचं नुकसान चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी घटतं. पाव इंचात एवढं मिळतं. त्यापुढे तीन इंचांचा पाइप घालून या इंजिनाला फारसं काही मिळत नाही. खर्ज मात्र मोकाट सुटतो, आणि गाडीखाली डब्यासाठी जागा उरत नाही. तीन इंची पाइप तीनशे-साडेतीनशे अश्वशक्तीच्या गाड्यांसाठी आहे.

याच हिशोबाची दुसरी बाजू फार कमी जण बघतात. समृद्धीवर ताशी शंभरने एकसारखं जाताना या गाडीला पूर्ण ताकदीचा जेमतेम पाचवा भाग लागतो. वायूचा वेग पाचव्या भागावर येतो, आणि दाबाचं नुकसान वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ते पंचविसाव्या भागावर येतं. म्हणजे प्रवासातला बहुतेक वेळ कंपनीचा सायलेन्सर इंजिनाला अडवतच नाही. मोकळ्या पाइपने मायलेज वाढतं या दाव्यातून यामुळे फारसं काही उरत नाही. ज्या गाडीचं ट्यूनिंग बदललेलं नाही, तिचा कंपनीचा सायलेन्सर बदलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गंजून फुटला तर तसाच नवा घ्यावा. ज्यांनी इंजिनाची ताकद वाढवून घेतली आहे, किंवा ज्यांच्या जुन्या गाडीचा मूळ डबा आता मिळतच नाही, त्यांच्यासाठी पुढचा विचार आहे.

सायलेन्सरचे डबे मुळात दोन जातीचे. दोन्ही जाती जुन्या आहेत. अमेरिकेत रीव्ह्स बंधूंनी मोटारीच्या सायलेन्सरचं पेटंट १८९७ सालीच घेतलं होतं. पहिल्या जातीत पाइप सरळ आरपार जातो, त्याला बारीक भोकं असतात आणि भोवती ग्लासवूल भरलेलं असतं. आवाजाची लाट भोकांतून लोकरीत शिरते, तंतूंमधली हवा थरथरते, घर्षणाने लाटेची उष्णता होते. वायूला मात्र वाट सरळ मिळते, अडथळा जवळजवळ नसतोच. लोकर कशी भरली आहे यावर सगळं अवलंबून आहे. जिनिंगमधून निघालेला मोकळा कापूस आणि प्रेसमध्ये आवळलेली कापसाची गाठ यांत जो फरक आर्वीच्या माणसाला हाताला कळतो, तोच फरक इथे आवाजाला कळतो: ठासून भरलेल्या लोकरीत लाट शिरतच नाही, आपटून परत फिरते. आणि फारच सैल भरलेली लोकर गरम वायूच्या माऱ्याने हळूहळू उडून जाते. स्वस्त डबा पहिल्या वर्षी शांत आणि दुसऱ्या वर्षी खणखणीत होतो त्याचं कारण हे. बेसॉल्टचे किंवा चांगल्या प्रतीचे लांब काचतंतू, आणि त्यांच्या आत, पाइपलगत गुंडाळलेली स्टीलची बारीक लोकर, अशी भरण जास्त टिकते.

ही जात वरच्या पट्टीवर उत्तम चालते. फुसफुस, करकर, धातूचा किणकिणाट हे सगळं ती गिळते. खर्जावर तिचा इलाज नाही. ७० हर्ट्झची लाट गरम वायूत सहा-साडेसहा मीटर लांब असते; दोन इंचांच्या लोकरीला ती जुमानत नाही.

दुसऱ्या जातीत डब्याचे कप्पे केलेले असतात. पाइप एका कप्प्यात उघडतो, वायू पसरतो, दुसऱ्या नळीतून पुढच्या कप्प्यात जातो. अरुंद जागेतून एकदम रुंद जागेत आलं की लाटेचा मोठा भाग उलटा फिरतो. इथे डब्याचं आकारमान हेच खरं बळ आहे. दोन इंची पाइप चार इंची डब्यात उघडला तर क्षेत्रफळ चौपट होतं. आठ इंची डब्यात उघडला तर सोळापट. अर्धा मीटर लांबीच्या साध्या डब्यासाठी सूत्राने आकडे मांडले तर ७० हर्ट्झला चार इंची डबा दोन-अडीच डेसिबल कापतो आणि आठ इंची डबा साडेअकराच्या आसपास. हा कागदावरचा आदर्श हिशोब आहे, प्रत्यक्षात आकडे हलतील, पण दिशा हलणार नाही. दुकानात टांगलेले चकचकीत, सडपातळ, निळसर टोकाचे डबे किती सुंदर दिसले तरी खर्जापुढे ते लहान पडतात. शांत सायलेन्सर बोजड दिसतो. ते मान्य करूनच खरेदीला जावं.

कप्प्याच्या डब्यालाही एक खोड आहे. लाटेची अर्धी लांबी डब्याच्या लांबीएवढी झाली की तो सूर डब्यातून बिनबोभाट निसटतो. अर्ध्या मीटरच्या डब्याला हे साडेचारशे हर्ट्झच्या जवळ घडतं. आणि नेमकी तीच पट्टी लोकरीचा डबा चांगली सांभाळतो. म्हणून टर्बो गाडीसाठी माझी शिफारस दोन्हींच्या जोडीची आहे: मधोमध सरळ आरपार जाणारा, लोकर भरलेला लांब डबा, आणि मागे गाडीखाली मावेल तेवढा मोठा कप्प्यांचा डबा. टर्बाइनने धार आधीच काढलेली असल्याने मागच्या डब्यातल्या वाटा रुंद ठेवता येतात आणि वायूला अडथळा होत नाही. हीच जोडी साध्या इंजिनाला बसवली तर ती एवढी शांत होणार नाही.

तरीही घुमारा राहिला तर? इथे सिलिंडर मोजावे लागतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात म्हणून फेऱ्यामागे दीड धक्का, चार सिलिंडरच्यात दोन. तीन सिलिंडरची पेट्रोल टर्बो गाडी २८०० फेऱ्यांवर चालली असेल तर सेकंदाला ७० धक्के, म्हणजे ७० हर्ट्झचा खर्ज. चार सिलिंडरचं डिझेल २४०० वर ८० हर्ट्झ देतं. आता गाडीच्या आतली मोकळी जागा पाहा: पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत साधारण अडीच मीटर. एवढ्या बंद जागेत हवेचा स्वतःचा सूर ७० हर्ट्झच्या जवळच येतो. सायलेन्सरचा सूर आणि केबिनचा सूर जुळले की आतली हवा त्या तालावर डोलते, आणि बाहेरून फारसा न जाणवणारा आवाज आत बसणाऱ्याचं डोकं उठवतो.

डेसिबल मीटर यात फसवतो. नेहमीचं मोजमाप माणसाच्या कानाच्या कलाने केलेलं असतं आणि त्यात खर्जाला कमी वजन मिळतं. ७० हर्ट्झच्या सुरातून मीटर सुमारे २४ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. मोबाइलवरच्या ॲपचा माइक तर अशा खर्जासाठी बनवलेलाच नसतो. आकडा खाली आला म्हणून डबा पसंत करू नये. तासभर त्यात बसून पाहावं, आणि शक्यतो मागच्या सीटवर बसून.

या एका सुराचा बंदोबस्त एका आंधळ्या नळीने होतो. मुख्य पाइपला एक फाटा काढायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद ठेवायचं. फाट्यात शिरलेली लाट बंद टोकावर आपटून परतते. नळीची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी असेल तर परतलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलट्या पावलावर येते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. वायू त्या नळीतून वाहतच नाही, त्यामुळे अडथळा शून्य. ७० हर्ट्झसाठी ही नळी दीड मीटरच्या आसपास लागते. नळीतला वायू स्थिर असल्याने मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, हे हिशोबात धरावं लागतं. लांबी आधी थोडी जास्त ठेवून, चालवून पाहून, मग कापत आणावी. दीड मीटर नळी गाडीखाली मावत नसेल तर वळवून घेता येते. तेही जमत नसेल तर हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, आखूड मान आणि फुगीर पोट असलेला अनुनादक बसवतात. तो कमी जागेत तेच काम करतो. अनेक मोटारींच्या मूळ सायलेन्सरच्या पोटात यातलं काहीतरी दडलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, म्हणून नवा डबा बसवणारा ते कापून टाकतो, आणि नंतर गाडी घुमायला लागली की सगळ्यांना कोडं पडतं.

मात्र खर्च करण्यापूर्वी आवाज सायलेन्सरचाच आहे ना, याची खात्री करावी. उपाय सोपा आहे. वेग तोच ठेवून एक गिअर खाली आणावा. घुमारा बदलला तर तो इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. तसाच राहिला तर तो टायरचा आणि रस्त्याचा. समृद्धीचं काँक्रीट टायरला बरंच बोलकं करतं, आणि त्याचं खापर सायलेन्सरवर फोडणारे पुष्कळ आहेत. जुन्या डिझेलचा कडकडाट इंजिनाच्या अंगातून येतो, पाइपमधून नव्हे. डबा बदलून तो जाणार नाही. टर्बोच्या आधीच्या मॅनिफोल्डला तडा गेला असेल किंवा गॅस्केट उडालं असेल तर टिकटिक आणि फुसफुस ऐकू येते, टर्बो उशिरा पकडतो, आणि लोक नवा मोकळा सायलेन्सर घालून पिकअप परत मिळवू पाहतात. अशा वेळी गॅस्केट बदललं की आवाजही जातो आणि गाडीही धावते.

सुपरचार्जरची गोष्ट वेगळी आहे. तोही इंजिनात हवा कोंबतो, पण तो फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर. बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेत तो येतच नाही. सिलिंडरमध्ये जास्त हवा गेल्याने व्हॉल्व्ह उघडतानाचा धक्का साध्या इंजिनापेक्षा मोठा, आणि त्याला बोथट करणारं टर्बाइन नाही. आपल्याकडे अशा मोटारी मोजक्याच. पुण्याजवळ जुळणी होणाऱ्या मर्सिडीज सी-क्लासच्या जुन्या २०० कॉम्प्रेसर गाड्या हे त्यातलं ठळक उदाहरण. त्या आता जुन्या बाजारात फिरतात आणि त्यांचे मूळ डबे महाग पडतात. अशा गाडीला मागे एक मोठा डबा पुरत नाही. मधला डबाही मोठा लागतो, आणि त्यात लोकरीबरोबर कप्पेही असावे लागतात. पाइपचा व्यास टर्बोवाल्याच्या सल्ल्याने वाढवू नये. इथे टर्बाइनचं गुणोत्तर सुधारण्याचा प्रश्नच नाही. सुपरचार्जरची शिट्टीसारखी किंकाळी मात्र पुढून, हवा ओढण्याच्या बाजूने येते. तिच्यासाठी एअर फिल्टरचा मूळ डबा आणि त्याच्या नळ्या जागेवर असाव्यात. सायलेन्सरवर कितीही पैसे घातले तरी ती किंकाळी कमी होणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. कलम १९०(२) खाली आवाजाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि लायसन्ससाठी तीन महिने अपात्रता, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. आर्वीसारख्या गावात उपजिल्हा रुग्णालय, कोर्ट, शाळा-कॉलेजं इतकी जवळजवळ आहेत की गावात शिरलेली गाडी शंभर मीटरच्या आत कुठल्या ना कुठल्या अशा दारासमोरून जातेच. प्रसूतीच्या वॉर्डाखालून रात्री दोन वाजता फटाके फोडत जाणाऱ्या गाडीबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही. नवा डबा मूळ डब्याइतका किंवा त्याहून शांत असणं, हे मोटारवाल्याने आपल्या गावाला देणं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. पत्रा कुठला, हे आधी विचारावं. साधं लोखंड आपल्याकडे बाहेरून गंजत नाही तितकं आतून गंजतं. पेट्रोल जळून पाणी तयार होतं. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, पाणी डब्यात साचतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं. ४०९ प्रतीचं स्टेनलेस कंपन्या सर्रास वापरतात आणि ते पुरेसं आहे. ३०४ महाग आणि जास्त टिकाऊ. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला बारीक भोक असतं, ते बुजवू नये. वेल्डिंग आर्गॉनचं करून घ्यावं. आत वितळलेल्या धातूचे गोळे राहिले की वायू त्यांच्यावर आपटून शिट्टी वाजवतो.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं, पाइप गाडीच्या अंगाला टांगलेला असतो. या दोघांच्या मध्ये लवचिक जाळीदार तुकडा असतो. मिस्त्रीने तो काढून सरळ पाइप जोडला तर इंजिनाची थरथर थेट पत्र्यात जाते आणि काही महिन्यांत टर्बोजवळच्या फ्लँजला तडा जातो. टांगणीचे रबर नवे घ्यावेत. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, जुने रबर त्या उष्णतेत कडक होतात आणि कडक रबर घुमारा गाडीच्या तळाला पोहोचवतो. उष्णता अडवणारे पत्रे काढले असतील तर परत बसवावेत. ते खडखडतात म्हणून फेकून देतात, पण त्यांच्याच वर ब्रेकच्या नळ्या आणि डिझेल-पेट्रोलच्या टाक्या असतात. पाइपचं तोंड मागच्या बंपरच्या बाहेर यायलाच हवं. गाडीखाली सोडलेलं तोंड आवाज तळावर आदळवतं, आणि मागचं दार जरा उघडं राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. त्याला वास नसतो.

सगळे सांधे पहिल्याच दिवशी पक्के करू नयेत. टाके मारून डबे टांगावेत, फ्लँज आवळावेत, आणि आर्वी ते तळेगाव, मग विरूळवरून समृद्धी, अशी गाडी नेऊन आणावी. एकटं जाऊ नये, मागे कोणाला तरी बसवावं. ८० ते १२० पर्यंत प्रत्येक वेगाला थोडा वेळ थांबून कुठल्या फेऱ्यांवर घुमतं ते मागच्या माणसाने लिहून घ्यावं. तो आकडा मिळाला की आंधळ्या नळीची लांबी काढता येते. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंड असताना, घरासमोर गाडी सुरू करावी. थंड इंजिन फेरे चढवून चालतं आणि डब्यातली लोकरही अजून थंड असते. शेजाऱ्यांना ऐकू येणारा रोजचा आवाज तो हा. दोन्ही चाचण्यांत समाधान झालं की मगच पूर्ण वेल्डिंग करावं, आणि पाचएकशे किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवं गॅस्केट तापून-थंड होऊन बसलं की ते हमखास सैल होतात.